कोरा नमुना

कोऱ्या नमुन्यात पुन्हा गांजा निघाला.

पडद्यावरची रेषा सरळ चालली होती. जिथे काही म्हणजे काही असायला नको, नेमकं तिथेच तिने टोक वर काढलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टोक जागेवरच होतं.

"यंत्र धुतलं होतंस?"

"धुतलं, पुसलं, बदलायचं ते बदललं," शिट्टी म्हणाला. यंत्र तोच सांभाळायचा. काम करताना शीळ घालायची सवय, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्याला शिट्टीच म्हणायची. आज मात्र त्याचे ओठ मिटलेले होते.

प्रयोग तसा साधा होता. माणसाचं शरीर गांजासारखं एक द्रव्य स्वतःच तयार करतं. दुखलं की, घाबरलं की, पळून दमलं की. कुलूप एकच, किल्ल्या दोन. शरीराची घरची किल्ली काम झालं की विरघळते, गांजाच्या झाडाची बराच वेळ आत अडकून बसते. यंत्राला दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. एकीकडे धावणाऱ्यांचं रक्त, दुसरीकडे झाडाचं औषध घेणाऱ्या रुग्णांचं, आणि ताडून पाहायला कोरा नमुना. त्यात झाडाचा अंशही नको. भिंतीवर त्या झाडाच्या पानाचं मोठं चित्रच लावलेलं होतं, लांब बोटं पसरलेल्या हातासारखं.

कोरं रक्त मॅडमचं असे. दर आठवड्याला त्या स्वतःच बाही वर करत. डोकं दुखलं तरी गोळी घेत नसत. मध्यंतरी झोप उडाली, जिवाला सारखी हुरहुर लागली, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली आणि संध्याकाळी पळायला सुरुवात केली. हळूहळू झोप परत आली. "माझं औषधाचं दुकान इथे आहे," असं त्या कपाळावर बोट ठेवून सगळ्यांना सांगत. जरा जास्तच सांगत.

"कुणाच्या तरी हाताला लागून येतंय हे," त्या म्हणाल्या. "तू ओढायचास ना?"

"कॉलेजात, मॅडम! एकदा काय सांगून बसलो तुम्हाला." मग तो न राहवून म्हणाला, "आणि रक्त तर तुमचं आहे."

मॅडमचे कान तापले. इतक्या वर्षांत असं तोंडावर त्यांना कुणी बोललं नव्हतं. त्या तडक प्रमुखांच्या खोलीत गेल्या. निकाल लागेपर्यंत शिट्टीने घरी बसावं, असं ठरलं.

त्या घरी आल्या तर आई बॅग भरत होती. दादाकडे निघाली होती, परदेशी.

"दूध घेत जा हं झोपताना. मी नसले की तू उपाशीच झोपतेस."

"आई, मी लहान आहे का आता?"

"मोठी झालीस असंही काही दिसत नाही. आणि माझं तेल संपलंय, ते घेऊनच येईन."

दादा आईच्या गुडघ्यांसाठी तिकडून तेल पाठवायचा. त्याला उग्र वास होता, म्हणून आई बाटली आपल्याच कपाटात ठेवी. मॅडमनी ती कधी नीट पाहिलीही नव्हती.

शिट्टी घरी बसला आणि यंत्रावर दुसरा माणूस आला. पहिल्या आठवड्यात टोक अगदीच बुटकं झालं. नंतर रेषा सपाट. पुढच्या आठवड्यातही सपाट.

आता आणखी काय पुरावा हवा? मॅडमना हायसं वाटायला हवं होतं. पण झोप पुन्हा उडाली. हातातलं काम हातातच राही. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. त्या दुप्पट पळू लागल्या. पायांना फोड आले, तरी डोकं काही गप्प बसेना. त्यांच्याच रक्तात घरची किल्ली तर भरपूर दिसत होती. मग कुलूप का उघडेना? हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला.

बैठकीत त्या थोडक्यात बोलल्या. "तो असतो तेव्हा येतं. तो नसतो तेव्हा येत नाही."

"माझं रक्त तपासा ना," शिट्टी म्हणाला.

"प्रश्न तुझ्या रक्ताचा नाही, हातांचा आहे."

"मॅडम, मुलगी आत्ताशी रांगायला लागलीये. हा डाग घेऊन मला कुठली प्रयोगशाळा दारात उभं करेल?"

मॅडमनी मान खाली घातली. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण आकड्यांपुढे त्यांचा तरी काय इलाज होता? दुपारीच त्याला काढून टाकल्याचं पत्र मिळालं. आपला कप घेऊन तो गेला. जाताना त्याने शीळ घातली नाही.

त्याच संध्याकाळी आई परत आली. मॅडम स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत येरझारा घालत होत्या.

"पायाला भिंगरी लावल्यासारखी काय फिरतेस? आणि डोळे बघ कसे खोल गेलेत!"

"झोप नाही गं, आई. आज एका माणसाची नोकरी घालवली मी. बरोबरच केलं, पण चैन पडत नाही."

"मला वाटलंच होतं. मी नसले की तुझं असं होणार." आईने नेहमीसारखा भरपूर वेलदोडा घालून दूध गरम केलं आणि बॅगेतल्या स्वेटरच्या घडीतून बाटली काढली.

"तू दमली असशील. बस, मी चोळून देते गुडघ्यांना."

"गुडघ्यांना कुठलं? ते प्यायचं असतं." आईने बाटली उघडली आणि दुधाच्या पेल्यावर तिरपी धरली. मॅडमना बाटलीवरचं हिरवं पान दिसलं, लांब बोटं पसरलेलं. आई थेंब मोजत म्हणाली, "माझे गुडघे राहू देत. तू पळायला लागलीस ना, तेव्हापासून मी माझ्या वाटणीचं रोज तुझ्याच दुधात घालतेय. म्हणून तर झोपत होतीस."