चौदा आणे

कापड रंगवायच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि तो सांभाळणारा विलास जागीच गेला. बॉयलर बहुतेक वेळा माणसाच्या दुर्लक्षामुळे फुटतात, म्हणून मालकांनी ठरवून टाकलं, की त्याला डुलकी लागली आणि पाणी संपलं.

चौकशीला आलेल्या इंजिनिअर हिरलेकरबाईंनी फुटलेल्या नळ्या हातात घेऊन पाहिल्या. मग त्या विलासच्या बायकोला, कुसुमला भेटल्या.

"पाणी संपल्यावर नळ्या जवळजवळ नेहमीच जळून निळ्या पडतात. या तशा नाहीत. जोड उसवला, तर त्या अशाच स्वच्छ राहतात. दोष जोडाचा होता, याची मला पंधरा आणे खात्री आहे."

कुसुम म्हणाली, "बाई, आदल्या रात्री पोरगी तापानं फणफणली होती. मी थकले होते, म्हणून त्यांनाच तिच्याजवळ बसवलं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या."

हे हिरलेकरबाईंना माहीत नव्हतं. जागरण झालेल्या माणसाला डुलकी लागण्याची शक्यता जास्त, ती हिशेबात धरायलाच हवी होती. त्यांनी मनाशी पुन्हा आकडे मांडले.

"मग चौदा आणे," त्या म्हणाल्या. "नळ्या तरीही स्वच्छच आहेत."

"सोळा आणे नाही?"

"तसं म्हटलं, तर ते खोटं होईल."

कुसुमचा बांध फुटला. त्या जागरणानंच विलास गेला, या धास्तीनं अपघातापासून पोरीला जवळ घ्यायला तिचा हात धजावत नव्हता. रडता रडता तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं.