पूर्वेकडे तोंड

गावाची रीतच होती, अस्वल मारलं की त्याची कवटी गावाबाहेरच्या पाइनच्या झाडावर पूर्वेकडे तोंड करून टांगायची आणि गावप्रमुखाने तिला सांगायचं, "म्हातारबा, तुला कुणी मारलं नाही. तूच फांदीवरून घसरलास." सुलोने कवटीला हे सांगितलं, तेव्हा त्याला प्रमुख होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

त्याच शिकारीत आधीचा प्रमुख, त्याचा थोरला भाऊ एनोक्की, कड्यावरून पडून मेला होता. "वहिनी, कुणी ढकललं नाही. त्याचाच पाय घसरला," असं सुलोने एनोक्कीच्या बायकोला, ऐनाला सांगितलं होतं. तोच सूर, तशीच जमिनीकडे नजर. कवटीपुढचे शब्द ऐकताना ऐनाच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या सकाळी कवटीचं तोंड सुलोच्या घराकडे वळलेलं होतं. त्याने ती पूर्वेला फिरवून तारेने आवळली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"हे तुमचेच उद्योग ना, वहिनी?"

"शिडी तुमच्याकडे आहे, भावोजी. आणि बर्फात पावलंही तुमचीच दिसतायत."

भर दुपारी तो पुन्हा वर चढला, तार करकचून बांधून खाली उतरला. ऐना वर बघतच राहिली. त्याच्या पाठीमागे तार हळूहळू करकरू लागली.

सुलोने वळून पाहिलं नाही. खालमानेने तो पुटपुटला, "दादा, तूच घसरलास रे."