गोधडीतला झेंडा

सुनेला काही विचारून करायची म्हणून रीतच नव्हती. दसऱ्याच्या धुण्याला पांघरुणं काढली, तर तिनं द्वारकाबाईंच्या सासूनं शिवलेली गोधडीच उसवून ठेवली.

“भिजल्यावर उचलत नाही ती, आत्याबाई.”

“मग काय, उद्या मलापण उसवशील.”

गोधडी जड होती खरी. ती उचलवत नाही आणि सासूला धड शिवताही येत नव्हतं, हे द्वारकाबाईंनीच आयुष्यभर गावाला चवीनं सांगितलं होतं.

जुन्या लुगड्यांच्या थरांतून सुनेनं एक कापड बाहेर ओढलं. केशरी, पांढरं, हिरवं आणि मधोमध दोऱ्यानं भरलेला चरखा.

“बघ, झेंडापण चुकवलाय बाईनं. चक्र कुठंय?”

“इंग्रजांच्या काळात चरखाच असायचा, आत्याबाई. घरात सापडला तर पोलीस धरून न्यायचे.”

द्वारकाबाईंनी चरख्यावरून बोट फिरवलं. टाके बारीक होते, एका रेषेत. म्हणजे पोलीस गावात फिरत असताना सासू झेंडा पांघरून निवांत झोपली होती.

त्यांची मान ताठ झाली. “माझ्या सासूच्या फोटोशेजारी लाव तो. आणि कुणी विचारलं, तर गोधडीला जड तू म्हणायचीस. मी नाही.”