पोटात घाल, म्हाराजा

खडी आली होती, वाळू आली होती, मिक्सरही डिझेल पिऊन तयार होता. अडलं होतं ते फक्त गाऱ्हाण्यासाठी. आचऱ्यात देवाच्या कानावर घातल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही, मग स्लॅब कसला पडतोय.

गाऱ्हाणं घालावं तर बाबलीनं. सुगंधाच्या नव्या घराचा ठेकेदार तोच आणि चुलतदीरही तोच. आवाज असा, की देवालाही नाही म्हणायची चोरी. नारळ हातात धरून तो उभा राहिला, मागे सगळे कामगार. सुगंधाच्या शेजारी कुडाळहून आलेली आकांक्षा होती. 'भाचीची मैत्रीण, स्लॅब बघूक इली हा,' असं सुगंधानं बाबलीला सांगितलं होतं. धडधडीत खोटं. आकांक्षा बांधकाम तपासणारी इंजिनियर होती. पण घरच्या माणसाचं काम बाहेरच्याकडून तपासून घ्यायचं, हे दिराला सांगणार कोणत्या तोंडानं? घर उभं राहायचं आणि दीर कायमचा तुटायचा, या धास्तीनं आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान घराचो स्लॅब घालूचो ठरवल्यान हा. वादळवाऱ्यात ह्या घराक सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागच्यांनी साथ दिली.

"आणि आमच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सुगंधाचं तोंड मात्र उघडलं नाही. आजवर गाऱ्हाण्यातल्या या वाक्याला ती डोळे मिटून होकार देत आली होती. आज जीभच वळेना.

बाबलीच्या ते लगेच लक्षात आलं. "वैनी, तुमी व्हय म्हणूक नाय."

"कसा म्हणू, भावजी? आज चुकला ता देवाच्या पोटात जावचा नाय. स्लॅबाच्या पोटात जातला. मगे ता कोण काढतलो?" तिनं आकांक्षाचा हात धरला. "ही भाचीची मैत्रीण नाय. इंजिनियर आसा. लोखंड तपासूक मियाच बोलयलंय."

बाबलीचा चेहरा पडला. "माझ्यार विश्वास नाय, तर घर पुरा झाल्यार दाखवचा होता कोणाक व्हया तेका. आजच कित्या?"

"पुरा झाल्यार काय दिसतला, भावजी? रंग."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि बाबलीनं वळून पाहताच खोकलं. "चला," एवढंच म्हणून तो शिडी चढला.

वर सळ्यांची जाळी अगदी रेखीव बांधलेली होती. आकांक्षानं वाकून तळच्या सळीखाली बोट घालून पाहिलं. जाईना. दुसरीकडे पाहिलं, तिथेही तेच.

"सळी थेट फळीवर टेकलीय," ती म्हणाली. "ठोकळे ठेवून ती वर उचलायला हवी, म्हणजे खालूनही सिमेंट बसेल. नाहीतर खारं वारं लागून सळ्या गंजतील आणि स्लॅबचे खालून पोपडे पडतील."

बाबली गुडघ्यावर बसला. स्वतःचं बोट घालून पाहिलं, तेही जाईना. ठोकळे त्यानंच आणले होते. घाईत कामगार विसरले, आणि बघायचं राहिलं ते त्याचं. ठोकळ्यांची गोण शिडीखाली तोंड बांधलेली तशीच पडून होती.

"मिक्सर नको चालू करू," तो खाली वाकून म्हणाला. "आधी ती गोण वर हाडा."

मग सगळेच ठोकळे सरकवायला बसले, आकांक्षासुद्धा. सुगंधानं वर चहा पोचवला. बाबलीनं कप घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. शेवटी आकांक्षानं पुन्हा सगळीकडे बोट फिरवलं आणि मान डोलावली, तेव्हा तो खाली आला.

"वैनी, दुसरो नारळ हाडा. पयल्या गाऱ्हाण्यात खोट रवली."

सगळे पुन्हा उभे राहिले. गाऱ्हाणं घालता घालता बाबली 'चुकला-माकला'पाशी आला आणि थांबला. त्यानं तिरक्या नजरेनं वहिनीकडे पाहिलं, आणि मिशीत हसला.

"जा काय चुकला होता, ता वैनीन पोटात घालूक दिल्यान नाय. आता उरला-सुरला तू बघ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. या वेळी सगळ्यांत मोठा आवाज सुगंधाचा होता.