भंगारच लिहा

"हे भंगार आहे," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

कस्टमच्या साहेबांनी कंटेनरमध्ये पुन्हा डोकावून पाहिलं. आत पत्र्याच्या कातरणांचा ढीग होता, आणि ढिगामागे ताडपत्रीत गुंडाळलेला, उभाच्या उभा, पत्रा ठोकायचा प्रेस.

"कातरणं भंगार, कबूल. पण हा प्रेस?"

"तोही भंगारच."

"बाई, याला ग्रीस लावलंय. भंगाराला कोणी तेलपाणी करतं का?"

"ज्यांनी लावलं त्यांना विचारा. मी भंगार लिहिलंय, भंगारच राहील."

साहेबांना असली माणसं नवी नव्हती. चालतं यंत्र भंगारात दडवायचं, शुल्क वाचवायचं, आणि पकडलं की डोळ्यांना पदर लावायचा. ही बाई मात्र रडायचं नाव घेत नव्हती. उजव्या खांद्यावरून शाल घट्ट ओढून ती अशी उभी होती, जणू बंदर तिच्या माहेरचं. धंदा तिच्या थोरल्या दिरांचा. परमुलखातली शेड बंद करून त्यांनी इथे नवी उघडली होती आणि माल सोडवायचं काम या धाकट्या भावजयीवर सोपवलं होतं. अधिकारपत्र तिच्याच नावाचं होतं.

"वीज जोडा," साहेब म्हणाले.

प्रेस बाहेर काढून मोकळ्या जागेत ठेवला. हात आत जाऊ नये म्हणून असणारी पुढची जाळी कधीच काढून टाकलेली होती, नुसती स्क्रूची भोकं उरली होती. साहेबांनी पत्र्याचा तुकडा सरकवला आणि स्वतः पेडल दाबलं. धाड! पत्र्याला गोल भोक पडलं. साहेबांनी ऐटीत पाय काढला.

धाड! ठोका पुन्हा पडला, आपला आपणच.

साहेब टुणकन मागे उडाले. हमाल हसले. बाई आधीच चार पावलं मागे जाऊन उभ्या होत्या.

"चालतो की नाही?" साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"चालतो."

"मग भंगार कसा?"

"भंगारच लिहा."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कचेरीत त्यांना नियमसाहेब म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचंही. त्यांनी बाईंना खोलीत बसवलं, चहा मागवला आणि नियम सांगितला. जी वस्तू त्याच कामाला पुन्हा वापरता येते, ती भंगार नव्हे. यंत्र म्हणून न्यायची तर पूर्ण शुल्क आणि दंड भरा. भंगार म्हणूनच न्यायची, तर इथे, अधिकाऱ्यासमोर, गॅस कटरने तुकडे होतील.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी पाहिला आणि बंद केला.

"कोण?"

"दीर. माल सोडव म्हणतात."

"ऐका त्यांचं. उगाच हट्टापायी चांगलं यंत्र घालवाल. घरात काय तोंड दाखवाल?"

"हेच तोंड दाखवीन, साहेब. दुसरं कुठून आणू?"

साहेबांना हसू येणार होतं, ते त्यांनी दाबलं. या बाईला धडा शिकवायचाच, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"तुकडे करायला संमती. बघा, जमतंय का सही करायला."

बाईंनी डाव्या हाताने सही केली. पेन खाली ठेवलं आणि त्याच हाताने चहाचा कप उचलला. साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं होतं, सहीपाशी तरी बाई नमेल.

गॅस कटर पेटला. ठिणग्या उडाल्या, लोखंड लाल झालं. आधी वरचा ठोक्याचा भाग कापून पडला, मग चाक, मग पेडल. साहेब म्हणाले, "बास, एवढ्यात तो निकामी झाला." बाई म्हणाल्या, "नाही, साहेब. नियमाप्रमाणे होऊ द्या. जोडता येईल असं काही ठेवू नका."

शेवटचा तुकडा पडत असतानाच फाटकातून एक गाडी आत आली. थोरले दीर उतरले, धावत आले आणि ढिगासमोर मटकन बसले.

"साहेब, भंगार दाखव असं मीच हिला सांगितलं होतं, पण तुम्ही पकडल्यावर मी पूर्ण शुल्क भरायला तयार होतो हो! सकाळपासून फोनवर हिला तेच सांगतोय. सोमवारी नव्या शेडमध्ये याच्यावर पोरी बसणार होत्या कामाला!"

"मग बाई, तुम्ही मला तसं का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

कटरच्या धगीने उकडत होतं. बाईंनी डाव्या हाताने शाल ओढून काढली आणि प्रेसच्या तुकड्यांवर टाकली. उजवी बाही मनगटापाशी शिवून बंद केलेली होती.