थिएटर होतं तिथून

मानाग्वा शहरातल्या त्या गल्लीला ना नाव, ना घरांना नंबर. पत्ता एकच: ‘लुसेरो थिएटर होतं तिथून दोन चौक तळ्याकडे.’ थिएटर भूकंपात बसलं, त्याचा रात्रपाळीचा रखवालदारही त्याखाली गेला, त्यालाही आता जमाना लोटला. रखवालदाराची बायको एर्लिंदाबाई. ती समोरच केळ्याचे काप तळून विकायची, म्हणून जो तो तिलाच विचारायचा, थिएटर नक्की कुठे होतं? झारा हातात धरून ती पलीकडचं रिकामं मैदान दाखवायची. वर्षानुवर्षं, दिवसातून दहादा.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने कढई भाचीला देऊन टाकली आणि दारात नुसती खुर्ची टाकून बसू लागली. हळूहळू विचारणारे थांबले. सुटले बाई, असं तिला वाटलं.

एका दुपारी समोर टॅक्सी थांबली.

“आजी, एर्लिंदाचं तळणाचं दुकान होतं ते कुठे हो? तिथून दोन चौक तळ्याकडे जायचंय.”

“थिएटरपासून सांगत नाहीत का आता?”

“कसलं थिएटर?”

बाई मैदानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दुकान इथेच होतं. सरळ जा.”

“देव भलं करो. हाताला फार चव होती म्हणे बिचारीच्या. कधी गेली हो?”

‘मेल्या, जिवंत आहे मी,’ हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढंही बोलायचा तिला कंटाळा आला.

“भूकंपात,” ती म्हणाली.