मोघेसाहेबांचा दुसरा खिसा

"बाई हिशेबात चोख आहेत, पण पर्समध्ये कांदा घेऊन येतात. हे ऑफिस की भाजीबाजार? यांना कायम करू नये," पुण्याहून आलेले अकाउंटंट मोघेसाहेब मुंबईच्या मोठ्या साहेबांना सांगत होते. ऊन लागू नये म्हणून नागपुरात सगळेच कांदा बाळगतात, हे सांगून मी थकले होते. तेवढ्यात मोघेसाहेबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि कांदा घरंगळला. मोठ्या साहेबांनी फाइलीतून मान वर केली. "हा कोणाचा?" मोघेसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. शिपाई रुपराव कुजबुजला, "काहून चूप बसल्या बाई? साहेबाचाच हाये!" मला कीव आली. "माझाच, साहेब. यानं ऊन लागत नाही." मोठे साहेब हसले. "अहो, बाईंना कायम करा. मलाही एक द्या, उन्हात इतवारीच्या बाजारात जायचंय." मी पर्स उघडण्याआधीच मोघेसाहेबांनी मुकाट दुसरा खिसा रिकामा केला.